घरबसल्या ग्रामसभा

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, ग्रामपंचायतीच्या कचेरीला अगदी खेटून. झेरॉक्सवाल्याचा अनुभव असा की माणसं कॉपी घेऊन जातात आणि ओरिजिनल मशीनच्या काचेखाली विसरतात. आधार कार्ड, सातबारा, एकदा तर कोणाची तरी लग्नपत्रिका. किस्स्यांचंही तसंच. घडवणारे घडवतात, निघून जातात, विसरूनही जातात. ओरिजिनल राहतं माझ्याकडे. ठेवून ठेवून किती ठेवणार? मागच्या वर्षभरात तर इतके साठलेत की कोणीतरी येऊन घेऊन जा, अशी पाटी लावायची वेळ आली आहे.

गाव वसईतलंच, वाड्यांचं. नाव सांगत नाही, कारण यातले सगळेजण अजून माझ्या दुकानासमोरूनच जातात आणि मला रोज "काय वहिनी, कसं काय?" असं विचारतात.

गोष्ट बावखलाची आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगते, बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. वाड्यांना पाणी मिळावं म्हणून जुन्या लोकांनी खोदून ठेवलेलं. आमच्या गावात पंचायतीच्या जागेत असं एक मोठं बावखल आहे आणि त्याच्या काठाला लागून मार्सेलीन आत्याची वाडी आहे. माठ, मुळा, पालक, कडेला थोडा मोगरा. सकाळी भाजी काढायची, वसईच्या होळी बाजारात नेऊन विकायची, दुपारी घरी. आत्या सत्तरीच्या पुढची. नवरा गेलेला, लेक लग्न होऊन दूर. विहीर खोदली तर खारं पाणी लागतं, म्हणून बावखल गेलं की वाडी गेली.

आणि बावखल जायला निघालं होतं. ते बुजवून तिथे बहुउद्देशीय हॉल आणि पार्किंग करावं, असा प्रस्ताव पंचायतीपुढे आला. ग्रामसभेने हो म्हटलं तर काम पुढे सरकणार, नको म्हटलं तर प्रस्ताव बारगळणार. ग्रामसभेला गावातला कोणीही मतदार येऊ शकतो. यायचं, बसायचं, नको म्हणायचं. एवढंच काम होतं हो. एवढंच.

*

पण आजकाल काम करायच्या आधी ग्रुप काढावा लागतो.

ग्रुप माझ्याच दुकानात निघाला. पुढाकार सावंत साहेबांचा. हे मूळचे कणकवलीकडचे, नव्या कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट, नोकरी मुंबईला. ऑफिसात काय करतात ते मला आजवर कळलेलं नाही, पण पोस्ट फार मुद्देसूद लिहितात. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन आणि शेवटी ‘जागे व्हा’.

दुसरा प्रितेश दादा. वय तिशीच्या आत, तरी दादा, कारण त्याला पुढच्या खेपेला सरपंच व्हायचंय. दादा रील्स करतो. चालतानाही असा चालतो की समोर कोणीतरी कॅमेरा धरलाय.

नावावरून आठवडा गेला. सावंतांना ‘बावखल संवर्धन नागरिक कृती समिती’ हवं होतं. प्रितेशला त्यात ‘युवा शक्ती’ हवं होतं. शेवटी दोन्ही घातलं. ते इतकं लांबलं की बहुतेकांच्या फोनवर ग्रुपचं नाव ‘बावखल संवर्धन युवा’ इथेच संपतं. नेमकी कृतीच कापली गेली म्हणायची.

मग डीपी. बावखलाचा फोटो हवा. बावखल दुकानापासून हाकेच्या अंतरावर. जाऊन फोटो काढायला कोणी उठलं का? छे! प्रितेशने बसल्या जागी नेटवरून एक तळं शोधलं आणि लावून टाकलं. निळंशार पाणी, मागे बर्फाचे डोंगर.

आत्याने फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. "शुभा, हे कुठलं गं?"

"आपलंच, आत्या," प्रितेश म्हणाला. "जरा फिल्टर लावलाय."

"आणि हा डोंगर?"

"आपला तुंगारेश्वर."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी झेरॉक्स काढत होते, तशीच काढत राहिले. तो फोटो आजही आहे ग्रुपवर.

*

आत्याला मोबाइल लेकीने दिलेला. टाइप करता येत नाही, म्हणून ती बोलून पाठवते. घरची बोली तिची वेगळी, आम्हाला निम्मी कळत नाही. आमच्याशी ती मराठीत बोलते. पण व्हॉइस मेसेज सुरू झाला की कुठे थांबायचं ते तिला कळत नाही. तिला वाटतं ती समोर बसलेल्या माणसाशीच बोलतेय. मध्येच कोंबड्या हाकलते, मध्येच भाजीचं गिऱ्हाईक करते, मध्येच आपल्याला विचारते "ऐकतोस ना?" आणि उत्तरासाठी थांबतेही.

एका दुपारी तिचा असाच लांबलचक मेसेज आला. सुरुवात गुडघ्यापासून. कोणत्या डॉक्टरने काय सांगितलं, कोणतं तेल लावलं, त्याने उतार पडला नाही. ग्रुपवर धडाधड उत्तरं. ‘काळजी घ्या आत्या.’ ‘गेट वेल सून.’ जोडलेले हात, फुलांचे गुच्छ. सावंत साहेबांनी तर गुडघेदुखीवर पाच मुद्दे लिहिले. आमच्या मिस्टरांनी अंगठा दिला. ते सगळ्यांनाच अंगठा देतात.

मी दुकान उघडता उघडता संध्याकाळी तो मेसेज शेवटपर्यंत ऐकला. अगदी शेवटी, कोंबड्यांच्या नंतर, आत्या म्हणत होती, "आणि हे बघा, बावखलावर डंपर आलाय. राबिट टाकतोय. कोणीतरी या रे लवकर. मी उभी आहे त्याच्यापुढे."

मी तशीच धावले. डंपर कधीच गेलेला. कोपऱ्यात विटांचे तुकडे, फुटक्या फरशा आणि एक मोडकं बेसिन पाण्यात अर्धं बुडालेलं. कोणाचा डंपर, कोणी पाठवला, काही पत्ता नाही. आत्या काठावर बसून होती.

"किती जणांना कळवलं मी," ती म्हणाली. "सगळ्यांनी माझ्या गुडघ्याचीच चौकशी केली."

मला इतका संताप आला की त्या बेसिनवर कोणाचं तरी डोकं आपटावं असं वाटलं. पण कोणाचं आपटणार? सगळ्यांनी मायेनेच लिहिलं होतं!

*

मग प्रितेश दादाने बावखल स्वच्छता मोहीम काढली. चांगली गोष्ट. मी दुकान बंद करून गेले. दादा गमबूट घालून, हातात फावडं, गळ्यात पंचा. चार पोरं होती. दोघं जलपर्णी काढायला आणि दोघं शूटिंगला. एकाच्या हातात ड्रोन.

पोरांनी मर मर मरून काठाची जलपर्णी उपसली. चांगला ढीग झाला. पाणी दिसायला लागलं. आत्या खूश. तिने सगळ्यांसाठी पेज केली होती.

तेवढ्यात ड्रोनवाला म्हणाला, "दादा, सॉरी. रेकॉर्ड नाय झालं."

दादाने कपाळाला हात लावला. जरा विचार केला. मग ज्यांनी जलपर्णी काढली होती त्या पोरांकडे बघितलं. त्यातल्या एकाने बिचाऱ्याने अगदी नम्रपणे विचारलं, "दादा, परत टाकू का आत?"

आणि टाकली! माझ्या डोळ्यांदेखत ढीग परत पाण्यात. दुसऱ्या टेकला रेकॉर्डिंग झालं, पण तोवर ऊन चढलं होतं, पोरं दमली होती. त्यांनी शॉटपुरती काढली आणि पेज पिऊन गेली. जलपर्णी अजून तिथेच आहे.

रील मात्र तुफान चाललं. ‘दादा, तुम्हीच खरे लोकप्रतिनिधी’ अशा कमेंट सोलापूरहून, दुबईहून, कुठून कुठून. दुकानात येऊन दादा मला व्ह्यूज दाखवत होता.

मी म्हटलं, "प्रितेश, यातले ग्रामसभेला किती येणार?"

"वहिनी, तुम्ही ऑफलाइन विचार करता," तो म्हणाला.

रीलचा परिणाम मात्र ऑफलाइन झाला. त्याने खाली जागेचं लोकेशन टाकलं होतं. पुढच्या रविवारी एरवी चिंचोटीच्या धबधब्याला जाणारी पोरं गाड्या घेऊन आमच्या बावखलावर. त्यांच्यानंतर लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी. एका जोडप्याला फोटोग्राफरने आत्याच्या पालकात झोपवलं. हिरवं बॅकग्राउंड छान येतं म्हणे. आत्या काठी घेऊन निघाली, तर तिचाही व्हिडिओ काढला. तो प्रितेशच्या रीलपेक्षा जास्त चालला. मथळा काय दिला होता, तर ‘निसर्ग वाचवणाऱ्यांना गावकऱ्यांचा विरोध’.

*

मगरीचं प्रकरण याच्याच पुढचं.

एका सकाळी ग्रुपवर फोटो. हिरवं, नितळ पाणी, त्यात मगर, आ वासलेली. खाली लिहिलेलं, ‘आपल्या बावखलात आज पहाटे दिसलेली मगर. मुलांना सांभाळा. पुढे पाठवा.’ पाठवणारे कोण? आमचे सावंत साहेब.

मी फोन लावला. "अहो साहेब, ही मगर कुठली?"

"वहिनी, मला आलं तसं पुढे पाठवलं. वर लिहिलंय ना मी, खात्री करून घ्यावी?"

"पण तुम्ही केली का खात्री?"

"मी लोकलमध्ये होतो हो."

दुपारपर्यंत शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर मगर. संध्याकाळपर्यंत मगरीला पिल्लं झाली. कॉम्प्लेक्समधल्या बायकांनी त्या बाजूला फिरायला जाणं सोडलं. आणि आता ऐका. बावखल वाचवण्यासाठी काढलेल्या ग्रुपवर, त्या बर्फाच्या डोंगराखाली, कोणीतरी पोल टाकला: ‘मगर असलेलं बावखल बुजवावं का?’ पर्याय तीन. होय, नाही आणि आधी मगर पकडा. सगळ्यात जास्त मतं ‘होय’ला. समितीच्या सभासदांची!

पंचायतीचा शिपाई काशिनाथ कोळीवाड्यातला. तो रोज दुपारी त्या बावखलात डुंबतो. माझ्याकडे कागद घेऊन आला तेव्हा मी त्याला फोटो दाखवला.

"वहिनी, ही तिथं ऱ्हात असती तर मना कधीतरी भेटली असती ना," तो म्हणाला. "आनि ह्ये पानी बघा. येवढं साफ पानी आपलं हाय का?"

हे मी ग्रुपवर लिहिलं. काशिनाथचं नाव घालून लिहिलं. त्याला कोणीतरी उत्तर दिलं, ‘याला काही पुरावा?’

*

आत्याला मात्र या सगळ्यात एका गोष्टीचा धीर आला होता. ती एक दिवस हसत हसत दुकानात आली, मुळ्याची जुडी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "शुभा, काम झालं. प्रितेशचा मला फोन आला होता."

"काय म्हणाला?"

"नमस्कार मार्सेलीन आत्या, म्हणाला. नावाने. कशा आहात, म्हणाला. तुमच्या समस्या काय, म्हणाला. मग मी सांगितलं सगळं. डंपर सांगितला, पालक सांगितला, विहिरीचं खारं पाणी सांगितलं. मध्ये एकदासुद्धा बोलला नाही बिचारा, शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, तुमचं मत माझ्यासाठी अमूल्य आहे, मी तुमच्या पाठीशी आहे."

तसाच फोन सकाळी मलाही आला होता. ‘नमस्कार शुभांगी वहिनी.’ मी म्हटलं ‘बोल रे’, तर तो माझं न ऐकताच पुढे बोलत राहिला आणि ‘तुमच्या समस्या काय’ विचारून ठरल्यासारखा थांबला. हल्ली असं आवाज बनवून देतात, नावं घालून देतात. पण आत्याला हे सांगायचं कसं? तिचा चेहरा इतका हलका झाला होता.

सांगायची पाळी आलीच नाही. त्याच वेळी दादा दुकानात शिरला, बॅनरचं डिझाइन प्रिंट करायला. आत्याने त्याचे दोन्ही हात धरले.

"बाळा, ऐकून घेतलंस ना सगळं? मग ग्रामसभेत बोलशील ना तसं?"

दादा गोंधळला. "काय ऐकलं, आत्या?"

"अरे, काल फोनवर."

दादाच्या डोक्यात प्रकाश पडला. लाजला नाही, ओशाळला नाही. उलट कौतुकाने म्हणाला, "आत्या, फोनवर मी नव्हतो. फक्त माझा आवाज होता."

आत्याने हात सोडले. मुळ्याची जुडी तिथेच राहिली. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मग उठून म्हणाली, "तरीच मध्ये बोलला नाही."

*

ग्रामसभेची तारीख लागली. रविवार, सकाळी अकरा. चर्चमधली मिस्सा सुटल्यावर लोकांना येता येईल अशी वेळ.

सावंतांनी मोहीम उघडली. ‘चलो ग्रामसभा’ असं रोज नवं पोस्टर, रोज नव्या रंगात. सगळ्यांचे स्टेटस तेच. ग्रुपवर पोल टाकला, ‘कोण कोण येणार?’ तर नाही म्हणणारा एक माणूस नाही. सावंत मला म्हणाले, "वहिनी, पंचायतीच्या हॉलमध्ये माणसं मावणार नाहीत. बाहेर मांडव लागेल." त्यांनीच मग पारदर्शकतेसाठी अर्ज दिला की ग्रामसभा लाइव्ह दाखवावी. ग्रामसेवक म्हणाले, दाखवू. भला माणूस. स्वतःचा मोबाइल स्टँडवर लावला.

रविवारी मी हॉलमध्ये गेले तर पहिल्या रांगेत आत्या. मिस्सेला जाताना नेसते ते लाल लुगडं, डोक्यात मोगरा. तिच्या मागे काशिनाथ. मग मी. पंचायतीचे सभासद, सरपंच बाई आणि काही म्हातारी माणसं. बाकी खुर्च्याच खुर्च्या, काशिनाथने सकाळी पुसून ठेवलेल्या.

ग्रामसेवकांच्या मोबाइलवर मात्र ही गर्दी! कमेंट धबाधब पडत होत्या. ‘हजर.’ ‘उपस्थित.’ ‘आवाज येत नाही, माइक जवळ घ्या.’ ‘सरपंच बाई छान दिसताहेत.’ एकाने लिहिलं, ‘चहा आला का?’ आणि सावंत साहेब, जे त्या वेळी दोन गल्ल्या पलीकडे सोफ्यावर बसले होते, त्यांनी लिहिलं, ‘रिकाम्या खुर्च्या बघून मन विषण्ण होते. या गावात जागृती कधी येणार?’

मी तिथूनच त्यांना फोन लावला. "साहेब, या ना."

"वहिनी, मी हजरच आहे की. कमेंट टाकलीय बघा."

ग्रामसेवकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग सांगितलं की कोरम नाही, सभा तहकूब. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते कॅमेऱ्याकडे तोंड करून, हळू आणि स्पष्ट सांगितलं, की मंडळी, नीट ऐका, तहकूब सभेला कोरम लागत नाही. पुढच्या रविवारी जे येतील ते ठरवतील, आणि ते सगळ्या गावावर बंधनकारक राहील.

खाली अंगठ्यांचा पाऊस पडला.

*

त्या आठवड्यात मी घरोघर फिरले. दुकान अर्धा दिवस बंद. ज्याच्या त्याच्या दारात जाऊन सांगितलं, फोन ठेवा आणि या. सगळे म्हणाले, "अहो वहिनी, म्हणजे काय, येणारच." मिस्टरांना तर मी जेवताना रोज सांगत होते. ते मान हलवत होते.

तहकूब सभेचा रविवार. अकरा वाजता हॉलमध्ये आत्या, मी, काशिनाथ आणि मागच्या वेळची काही म्हातारी माणसं. आम्ही बसतोय तोच प्रितेश दादा आला आणि त्याच्यामागे त्याची पोरं, रांगेने, शिस्तीत. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान हा तरी. व्ह्यूजवाले काही दुबईहून आले नाहीत, पण ही पोरं तरी गावची आहेत.

मी त्याला हळूच विचारलं, "कसं जमवलंस रे?"

"घरी जाऊन सांगितलं एकेकाला," तो म्हणाला. "फोन केला तर कोण येतं, वहिनी?"

ग्रामसेवकांनी विषय वाचला. बावखलाच्या जागी हॉल आणि पार्किंग. आत्या उठून बोलली. फार नाही. म्हणाली, "विहिरीला खारं पाणी आहे. माझी भाजी त्या पाण्यावर होणार नाही. मला दुसरं काही येत नाही." आणि बसली. 

मग ग्रामसेवक म्हणाले, ठरावाच्या बाजूने हात वर करा. प्रितेश दादाचा हात वर. त्याच्या सगळ्या पोरांचे हात वर.

मला आधी वाटलं चुकून केला. मी त्याचा शर्ट ओढला. "अरे, तू तर रील केलंस बावखलाचं!"

दादा समजूत घातल्यासारखा म्हणाला, "वहिनी, कंटेंट वेगळा, स्टँड वेगळा. पोरांना हॉल हवाय."

ग्रामसेवकांनी हात मोजले, लिहून घेतले आणि म्हणाले, विरोधात हात वर करा. आत्याने केला, मी केला, काशिनाथने केला, म्हाताऱ्यांनी केला. कमी पडत होते, पण फार नाही. मूठभर माणसं आली असती तरी पारडं फिरलं असतं. आणि नेमकं त्याच क्षणी, रेंज गेली की काय झालं देव जाणे, स्टँडवरचा मोबाइल अडकला. लाइव्ह बंद.

दोन मिनिटांत बाहेर गलका. मी खिडकीतून बघितलं तर पंचायतीच्या अंगणात माणसंच माणसं. गेल्या कित्येक वर्षांत एवढी माणसं त्या अंगणात मी पाहिली नव्हती. पायात घरच्या चपला, हातात फोन, तोंडावर संताप. सगळ्यांत पुढे सावंत साहेब, हाफ पँटमध्ये. आणि त्यांच्या मागे आमचे मिस्टर.

"लाइव्ह का बंद केलंत?" सावंत दारातून ओरडले. "लोकांपासून काय लपवताय? हीच का तुमची पारदर्शकता?"

ग्रामसेवक लिहिणं थांबवून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय आनंद होता! "या या, बरं झालं आलात. मोजणी चालूच आहे. आत या, हजेरीवर सही करा, हात वर करा."

दारातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आत बघितलं तर प्रितेश दादा आणि त्याची पोरं वळून त्यांच्याकडेच बघत होती. सावंतांनी हाफ पँट जरा खाली ओढली.

"नाही, म्हणजे तुमचं चालू द्या," ते म्हणाले. "आम्ही फक्त लाइव्हचं विचारायला आलो होतो. ते सुरू करा, आम्ही घरी जाऊन बघतो."

मी एक हात वर तसाच ठेवून दाराशी गेले आणि मिस्टरांना म्हटलं, "अहो, दोन पावलं आत या."

ते माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "अगं, आत गेलं की सगळे बघतात."

मी वर केलेला हात तसाच धरून जागेवर परत आले. गर्दी पांगली. फाटकाच्या बाहेर जाऊन थोड्या अंतरावर घोळक्याने उभी राहिली, माना खाली, फोनमध्ये. ग्रामसेवक त्यांच्याकडे बघत बराच वेळ उभे होते. आत्याचा हात वरच होता. दमला तेव्हा तिने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला, पण खाली घेतला नाही.

मग ग्रामसेवक बसले. मोजले. पुन्हा एकदा मोजले. "ठराव मंजूर," असं हळू आवाजात म्हणाले.

आणि स्टँडवरचा मोबाइल सुरू झाला. लाइव्ह परत आलं. स्क्रीनवर खालून वर हात चढायला लागले. पिवळे, छोटे, उघड्या पंजाचे हात. एकामागून एक, दहा, वीस, थांबेचनात. विरोध, विरोध, विरोध. सावंतांचा, मिस्टरांचा, कॉम्प्लेक्समधल्या बायकांचा, सगळ्यांचा.

आत्या खुर्चीवरून उठून त्या मोबाइलसमोर जाऊन उभी राहिली. ते हात वर जाताना बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"शुभा," ती म्हणाली, "एवढी माणसं होती गं आपल्या बाजूला?"